दहा टक्के चालतं ना?

साठ हजार शब्दांचा एखादा प्रबंध धरा. त्याचे दहा टक्के म्हणजे सहा हजार शब्द, टाइप केलेली साधारण वीस पानं. आता कुठल्याही संशोधक विद्यार्थ्याला विचारा, दुसऱ्याच्या पुस्तकातली वीस पानं उचलून स्वतःच्या नावावर छापली तर चालेल का? तो कानाला हात लावेल. तोच विद्यार्थी प्रबंध जमा करायच्या आठवड्यात पेनड्राइव्ह घेऊन ग्रंथालयात येतो आणि विचारतो, "मॅडम, दहा टक्क्यांपर्यंत चालतं ना?"

आपण दोनदा एकाच गोष्टीबद्दल बोललो, हे त्याच्या लक्षातही येत नाही. वाङ्मयचौर्य हा विषय आपल्या विद्यापीठांत मुलांपर्यंत पोहोचला तोच मुळी आकडा होऊन. "प्लॅग किती आलं?" असं ती एकमेकांना विचारतात, म्हणजे साम्य मोजणाऱ्या सॉफ्टवेअरने दुसऱ्यांच्या लिखाणाशी किती टक्के साम्य दाखवलं. बारा आलं म्हणजे वाईट, नऊ आलं की सुटलो. मग बाराचं नऊ करण्याची खटपट सुरू होते आणि ते करून देणारी दुकानंही विद्यापीठाच्या रस्त्यावर, झेरॉक्स-बाइंडिंगच्या पाट्यांशेजारी, सापडतात.

आकडा आला तो विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, जुलै २०१८च्या नियमावलीतून. तिच्यात चार पायऱ्या आहेत. दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर ते किरकोळ, शिक्षा नाही. दहाच्या वर चाळीसपर्यंत असेल तर सहा महिन्यांच्या आत प्रबंध दुरुस्त करून द्यायचा. चाळीस ते साठ असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही. साठच्या वर गेलं की नोंदणीच रद्द. प्राध्यापकांनाही यातून सूट नाही: लेखन मागे घ्यावं लागतं, साम्य चाळीसच्या पुढे असेल तर वेतनवाढ अडते आणि काही वर्षं नवे विद्यार्थी घेता येत नाहीत.

मुलं हा तक्ता तोंडपाठ करतात. व्याख्या मात्र फारसं कुणी वाचत नाही, आणि ती एका ओळीची आहे: दुसऱ्याचं काम किंवा कल्पना घेऊन ती स्वतःची म्हणून मांडणं. तिच्यात टक्का नाही. शिवाय 'काम किंवा कल्पना' असं म्हटलंय, फक्त शब्द नाही. याच नियमावलीत असंही आहे की सारांश, गृहीतक, निरीक्षणं, निष्कर्ष, शिफारशी या भागांत कुणाशीही साम्य नसावं. म्हणजे पहिल्या प्रकरणातल्या पार्श्वभूमीत चार ओळी जुळल्या तर एक वेळ समजून घेता येईल, पण निष्कर्षाचा परिच्छेद दुसऱ्याचा निघाला तर एकूण आकडा तीन टक्के आहे हे सांगून काही उपयोग नाही. दहा टक्क्यांची ओळ एवढंच सांगते की त्याखाली शिक्षा नाही. घ्यायला परवानगी आहे असं ती कुठेही म्हणत नाही.

आणखी एक कलम फारसं कुणी वाचलेलं नसतं. हे नियम ज्या लिखाणाला लागू आहेत त्यातून असाइनमेंट, टर्म पेपर, प्रकल्प अहवाल, निबंध आणि उत्तरपत्रिका वगळल्या आहेत. एखाद्या कॉलेजने स्वतःचे नियम केले तर गोष्ट वेगळी. पण एरवी बी.ए.-बी.कॉम.ची तीन वर्षं आणि त्यापुढची असाइनमेंटं उतरवून काढलेल्या मुलाला हा शब्द पहिल्यांदा भेटतो तो प्रबंधाच्या तोंडावर, तोही शिक्षेच्या तक्त्यासकट. मला हे वगळणं पटत नाही. ज्या वयात सवय लागते ते वय सोडून, सवय मुरल्यावर दंड करायचा, असा तो प्रकार आहे.

कारण सवय लागते हे खरं, आणि ती आपणच लावतो. शाळेत निबंध पाठ असतो. 'पावसाळ्यातील एक दिवस' वर्गातल्या निम्म्या वह्यांत त्याच ढगांनी सुरू होतो. दहावीला अपेक्षित प्रश्नसंच. उत्तर 'पुस्तकातल्या शब्दांत' लिहिलं की पूर्ण गुण, स्वतःच्या शब्दांत लिहिलं की अर्धा गुण तपासणाऱ्याच्या मर्जीवर. कॉलेजात प्रॅक्टिकलची जर्नल सीनियरच्या जर्नलवरून उतरवायची, रीडिंगसकट. इंजिनिअरिंगला तर या कलेचं नावच आहे, जीटी. ग्लास ट्रेसिंग: काचेखाली दिवा लावायचा, वर सीनियरची ड्रॉइंग शीट, तिच्यावर आपली कोरी शीट, आणि रेघांवरून पेन्सिल फिरवत रात्र काढायची. सकाळी सबमिशन, सरांची सही. जीटी मारली हे सरांना माहीत असतं, कारण त्यांनीही मारलेली असते. मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांत शेवटच्या वर्षाच्या प्रकल्प अहवालाला 'ब्लॅक बुक' म्हणतात. काळं बाइंडिंग, सोनेरी अक्षरं, आत बऱ्याचदा मागच्या बॅचची प्रकरणं. इतकी वर्षं ज्याला 'कंप्लीट करणं' म्हणतात त्याला एके दिवशी अचानक चोरी म्हटलं, तर मुलगा गोंधळणारच. तो लबाड असतो असं नाही. नियम कधी बदलला हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

आता सॉफ्टवेअर काय करतं ते पाहू. टर्निटिन असो, किंवा विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने २०१९मध्ये सुरू केलेल्या 'शोधशुद्धी' उपक्रमातून विद्यापीठांना आधी मिळालेलं उर्कुंड आणि नंतर आलेलं ड्रिलबिट असो, काम ढोबळमानाने एकच. तुमच्या मजकुराचे छोटे छोटे तुकडे करायचे आणि ते वेबसाइटी, नियतकालिकं, आधी जमा झालेले प्रबंध यांच्या साठ्यातल्या तुकड्यांशी जुळवायचे. जुळले ते रंगवायचे आणि एकूण शब्दांशी त्यांचं प्रमाण काढायचं. बस. ते साम्य मोजतं. चोरी ओळखत नाही, आणि ती ओळखतो असा टर्निटिनचा स्वतःचाही दावा नाही.

म्हणूनच रिपोर्ट वाचावा लागतो. कायद्याच्या विद्यार्थिनीचा रिपोर्ट २८ टक्के येतो. उघडून बघावं तर रंगलेला मजकूर म्हणजे कायद्याची कलमं, निकालपत्रांतले अवतरणचिन्हांतले उतारे आणि शेवटची संदर्भसूची. नियमावलीनुसार हे सगळं मोजणीतून वगळायचं असतं. सेटिंग करताना कुणीतरी खूण करायला विसरलेलं असतं. दुसऱ्याचा रिपोर्ट सहा टक्के येतो. त्या सहातले साडेचार टक्के एकाच ठिकाणाहून, एकाच प्रबंधातून, सलग. पहिलीला घाम फुटलेला असतो आणि दुसरा चहा प्यायला गेलेला असतो. एक तिसराही असतो, ९८ टक्केवाला. त्याने कच्चा मसुदा आधीच तपासायला टाकलेला असतो, तो साठ्यात जमा झालेला असतो, आणि आता तो स्वतःशीच जुळतो.

मराठीत प्रबंध लिहिणाऱ्यांची गंमत याहून वेगळी आहे. त्यांचा रिपोर्ट बहुतेक वेळा एक-दोन टक्के येतो, आणि त्याने कुणी हुरळून जाऊ नये. एक तर मराठीतलं कितीतरी वैचारिक लेखन अजून छापील पुस्तकांत, विशेषांकांत, गौरवग्रंथांत आहे. जे साठ्यातच नाही ते जुळणार कशाशी? दुसरं, जुन्या फाँटचा घोळ. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेल्या मजकुरात पडद्यावर 'क' दिसतो, पण संगणकाच्या पोटात भलताच रोमन संकेत साठवलेला असतो. त्या पीडीएफमधला परिच्छेद कॉपी करून दुसरीकडे चिकटवून पाहा, अगम्य चिन्हांचा चिवडा निघतो. सॉफ्टवेअरला तोच चिवडा दिसतो. तो जगातल्या कुठल्या युनिकोड मजकुराशी जुळणार? रिपोर्ट शून्य.

तिसरं सगळ्यात गंभीर आहे: भाषांतर. इंग्रजी पुस्तकातलं प्रकरण घ्यायचं, मराठीत उतरवायचं, लेखकाचं नाव गाळायचं. शब्द न् शब्द नवा, लिपी नवी, साम्य शून्य. यात कित्येकांना काही वावगं वाटतच नाही. उलट 'मी किती मेहनत घेतली' असं म्हणतात. मेहनत घेतली हे खरंच. पण भाषांतराची मेहनत तुमची, विचार त्या लेखकाचा. भाषांतर केलं असं सांगितलं असतं तर दोन्ही गोष्टी जागच्या जागी राहिल्या असत्या.

नियम बाजूला ठेवून एक परिच्छेदच जवळून पाहू. समजा देशपांडे नावाच्या अभ्यासकाचं २००५ सालचं एक पुस्तक आहे (पुस्तक काल्पनिक, वाक्यं मी रचलेली) आणि त्याच्या ८४व्या पानावर असं लिहिलंय:

"१९७२च्या दुष्काळात खेड्यांतलं धान्य संपलं होतं असं नाही, ते विकत घ्यायची ताकद संपली होती. म्हणून खडी फोडून मिळालेली मजुरी ही लोकांच्या लेखी मदत नव्हती, कमाई होती. आणि ती बायकांच्या हातात थेट पडल्यामुळे घरातला त्यांचा शब्द थोडा वाढला."

पहिला विद्यार्थी हे जसंच्या तसं घेतो आणि शेवटच्या संदर्भसूचीत देशपांड्यांचं पुस्तक टाकतो. 'सूचीत नाव आहे की' असं त्याचं म्हणणं. पण सूचीत दीडशे पुस्तकं आहेत. ८४व्या पानावरच्या या तीन वाक्यांचे धनी देशपांडे आहेत हे वाचणाऱ्याला कसं कळावं? ऋण जिथे घेतलं तिथेच नोंदवायचं असतं.

दुसरी जास्त कष्टाळू आहे. ती लिहिते: "सन १९७२च्या अवर्षणकाळात ग्रामीण भागातील अन्नधान्य संपुष्टात आले होते असे नव्हे; ते खरेदी करण्याची क्षमता संपुष्टात आली होती. त्यामुळे दगड फोडून प्राप्त झालेले वेतन हे जनतेच्या दृष्टीने साहाय्य नव्हते, उत्पन्न होते." सॉफ्टवेअर गप्प. पण वाक्याचा सांगाडा तसाच, विचारांचा क्रम तसाच, वाक्यातले थांबेसुद्धा जागच्या जागी. 'स्वतःच्या शब्दांत लिहा' या सूचनेचा आपल्याकडे लागणारा अर्थ हाच: शब्द बदला. अमेरिकी अभ्यासक रेबेका मूर हॉवर्ड यांनी १९९०च्या दशकात अशा लिखाणाला 'पॅचरायटिंग' म्हटलं, ठिगळं लावून लिहिणं. आणि त्यांनी एक महत्त्वाची गोष्ट मांडली: विषय अजून पुरता न कळलेला विद्यार्थी असंच लिहितो, त्यामागे दर वेळी फसवण्याचा हेतू असतोच असं नाही. मला हे पटतं. अशा मुलीला समितीपुढे उभं करण्याआधी मूळ पुस्तक बंद करायला सांगावं आणि विचारावं, देशपांड्यांचं म्हणणं काय ते तोंडी सांग. सांगता आलं तर ते लिहिताही येईल. नाही आलं तर पान पुन्हा वाचावं लागेल.

तिसरा तोच ठिगळांचा मजकूर ठेवतो आणि शेवटी कंसात 'देशपांडे, २००५' टाकतो. आता विचार देशपांड्यांचा हे कळलं, पण मांडणी याची आहे असा समज होतो. अर्धं ऋण फिटलं, अर्धं राहिलं. शब्द आणि घडण मूळ लेखकाची ठेवायची तर अवतरणचिन्हं लागतात.

चौथी लिहिते: "दुष्काळी कामांवरच्या मजुरीकडे देशपांडे (२००५, पृ. ८४) मदत म्हणून पाहत नाहीत. त्यांच्या मते प्रश्न धान्याचा नव्हता, क्रयशक्तीचा होता. आणि मजुरी थेट हातात आल्याने स्त्रियांचं घरातलं वजन वाढलं. मी ज्या गावात मुलाखती घेतल्या तिथे मात्र हजेरी नवऱ्याच्या नावावर लागत असे, असं तीन वृद्ध स्त्रियांनी सांगितलं."

शेवटचं वाक्य पाहा. ते या मुलीचं आहे, संपूर्णपणे तिचं, आणि ते तिचं आहे हे उठून दिसतं कारण त्याआधीचं देशपांड्यांचं आहे असं तिने सांगून टाकलंय. बाकीच्या तिघांना हे वाक्य सुचलं असतं तरी त्यांनी ते ठेवलं कुठे असतं? देशपांड्यांचं नावच घेतलं नाही तर त्यांच्याशी असहमत कसं होणार? संदर्भ दिला की आपलं काम कमी दिसेल, आपण फार वाचलं आणि कमी विचार केला असं वाटेल, ही भीती मुलांच्या मनात खोल असते. प्रत्यक्षात उलटं घडतं.

सगळ्यालाच संदर्भ लागत नाही. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी स्थापन झालं, रोजगार हमीचा कायदा १९७७चा, ही सर्वांना ठाऊक असलेली माहिती. 'रोजगार हमीने बायकांचा घरातला शब्द वाढला' हे मात्र कुणाचं तरी प्रतिपादन आहे आणि त्या कुणाचं तरी नाव हवं. शंका आली तर नाव द्यावं, जास्तीच्या संदर्भाने कुणी नापास होत नाही. स्वतःचाच जुना छापून आलेला लेख नवा म्हणून पुन्हा देणं हेही चालत नाही, यूजीसीने २०२०मध्ये हे वेगळं स्पष्ट केलंय. आणि कॉपीराइट हा निराळा प्रश्न आहे. टिळकांच्या अग्रलेखांचा कॉपीराइट केव्हाच संपला, कोणीही ते छापावेत. पण स्वतःच्या नावावर छापले तर ते वाङ्मयचौर्यच. उलट एखाद्या हयात लेखकाचं अख्खं पुस्तक त्याच्या नावानिशी पण परवानगीशिवाय छापलं, तर कॉपीराइटचा भंग होईल, वाङ्मयचौर्य नाही.

'प्रास्ताविकातल्या चार ओळींनी काय होतंय' असं म्हणणाऱ्यांनी बंगळुरूचं एक प्रकरण लक्षात ठेवावं. नामवंत रसायनशास्त्रज्ञ सी. एन. आर. राव आणि सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध २०११मध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड मटेरियल्स' या नियतकालिकात आला. त्यातली काही वाक्यं 'अप्लाइड फिजिक्स लेटर्स'मधल्या आधीच्या निबंधाशी जुळत होती. प्रयोग आणि निष्कर्ष यांवर आक्षेप नव्हता. प्रास्ताविकाचा तो भाग विद्यार्थ्याने लिहिला होता असं राव यांनी सांगितलं. निबंध मागे घ्यावा लागला नाही, पण लेखकांना जाहीर माफी मागावी लागली आणि देशभर चर्चा झाली. प्रास्ताविकात 'अमुक पदार्थाचे असे असे उपयोग आहेत' छापाच्या ओळी असतात. विज्ञान शाखेतल्या मुलांना अशा ओळी सार्वजनिक मालकीच्या वाटतात. त्या तशा नसतात.

राहिलं यंत्राचं. शब्द बदलून देणारी ऑनलाइन साधनं आली तेव्हा आकडा खाली आणायचा धंदा स्वस्त झाला, आणि त्यातून विनोदही झाले. इंग्रजी शोधनिबंधांत 'ब्रेस्ट कॅन्सर'च्या जागी 'बूझम पेरिल' (म्हणजे छातीचा धोका) आणि 'बिग डेटा'च्या जागी 'कोलोसल इन्फर्मेशन' असले शब्द सापडायला लागले. फ्रेंच संगणकशास्त्रज्ञ गिओम काबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१मध्ये अशा छळ केलेल्या शब्दांच्या मागावरून कितीतरी संशयास्पद निबंध उघडे पाडले. नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी आलं आणि हीही गरज उरली नाही. सफाईदार मजकूर आयता मिळतो आणि तो सहसा कशाशीच जुळत नाही. २०१८च्या नियमावलीत त्याचं नाव असण्याचा प्रश्नच नव्हता. मजकूर यंत्राने लिहिलाय का हे ओळखणारी साधनं आहेत, पण ती माणसाच्या लिखाणालाही यंत्राचं ठरवतात, त्यामुळे निव्वळ त्यांच्या भरवशावर कुणाला दोषी धरू नये. त्यापेक्षा संदर्भ तपासावेत. चॅटजीपीटीसारखी यंत्रं खऱ्या लेखकाच्या नावावर कधीच न लिहिलेलं पुस्तक बेधडक देतात, पान क्रमांकासकट. मार्गदर्शकाने सूचीतली कुठलीही तीन पुस्तकं 'आणून दाखव' म्हटलं की अर्धा निकाल लागतो. आणि प्रबंधासोबत 'हे माझं मूळ काम आहे' असं हमीपत्र विद्यार्थी सही करून देतो. तिथे मुख्य प्रश्न जुळणीच्या आकड्याचा नसतो. सही खरी आहे का, हा असतो.

सॉफ्टवेअरच्या आकड्यावर विसंबून न राहता वाचकांनाही किती सापडतं याचं उदाहरण जर्मनीचं. संरक्षणमंत्री कार्ल-थिओडोर त्सू गुटेनबेर्ग यांचा कायद्याचा प्रबंध २०११मध्ये शेकडो वाचकांनी इंटरनेटवर एकत्र येऊन पानापानाने तपासला. बायरॉइट विद्यापीठाने डॉक्टरेट काढून घेतली, मंत्रिपदही गेलं. आपल्याकडचे प्रबंध आता इन्फ्लिबनेटच्याच 'शोधगंगा' या ऑनलाइन साठ्यात कुणालाही वाचता येतात.

व्यवहारात मुलांची निम्मी भानगड टिपणवहीत सुरू होते. पुस्तकातला उतारा वहीत उतरवून घेतात, अवतरणचिन्हं घालत नाहीत, पान क्रमांक 'नंतर टाकू' म्हणतात. आठ महिन्यांनी वही उघडली की आपलं कुठलं आणि पुस्तकातलं कुठलं हे त्यांनाच सांगता येत नाही, आणि सगळं आपलंच वाटायला लागतं. त्यावर उपाय अगदी साधा आहे: उतरवलेलं एका रंगाच्या पेनाने, स्वतःला सुचलेलं दुसऱ्या. आणि पान क्रमांक तिथल्या तिथे, पुस्तक ग्रंथालयात परत करण्याआधी.